फारसी वाक्य आणि मराठी कान

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या पुष्कळ मराठी घराण्यांत जुन्या कागदांची एखादी पेटी असते. तिच्यातील मोडी कागद वाचणारा मनुष्य खटपट केल्यास आजही सापडतो. पण त्यांच्याच घडीत दुमडलेला, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या अक्षरांचा, कोपऱ्यात गोल शिक्का असलेला फारसी कागद मात्र घरचा असूनही परका होऊन बसलेला असतो. तो इनामाचा आहे की नुसत्या ताकिदीचा, दिलेल्या गावाचा आहे की काढून घेतलेल्या गावाचा, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा घरातील एखाद्या प्रौढ गृहस्थाने वयाच्या चाळिशीत वा पन्नाशीत फारसी शिकण्याचा संकल्प केला, तर त्याच्या वाटेत काय काय येते, कोठे ठेच लागते आणि कोठे आपलेच अंगण भेटते, हे आजच्या भाषणात पाहावयाचे आहे.

श्रोतेहो, पहिला धीर असा, की लिपीचे भय फार दिवस टिकत नाही. बत्तीस अक्षरे पाठ होण्यास महिना पुरतो. दुसरा धीर शब्दांचा. फारसीचा कोश उघडताच मराठी माणसाला जागोजाग ओळखीची माणसे भेटतात : जमीन, हवा, दुकान, कागद, हजार, गरम, सफेद. यामुळे नवशिक्याचा असा समज होतो, की ही भाषा आपल्याला निम्मी आधीच येते. मग तो एक साधे वाक्य हातात घेतो. त्यातील सर्व शब्द त्याला ठाऊक असतात आणि अर्थ मात्र लागत नाही. याचे कारण, त्याला ठाऊक असलेली फारसी ही शब्दांची फारसी होय. वाक्याची फारसी ही वेगळी वस्तू आहे, आणि ती निराळी शिकावी लागते.

वरवर पाहता फारसी वाक्याची ठेवण मराठीसारखीच असते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. ‘मन केताब रा खांदम’ म्हणजे ‘मी ते पुस्तक वाचले’. शब्दाला शब्द लावून पाहावा, क्रम जुळतो. (उदाहरणांतील उच्चार आजच्या इराणी वळणाचे दिले आहेत, हिंदुस्थानातील जुने मुन्शी ‘केताब’ला ‘किताब’ म्हणत, आणि मराठीत आलेले शब्द त्यांच्याच तोंडचे आहेत.) फारसीत लिंगभेद नाही. ‘ऊ आमद’ म्हणजे ‘तो आला’ आणि ‘ती आली’ही. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला दगड पुल्लिंगी का आणि वीट स्त्रीलिंगी का, या प्रश्नाने जेरीस आणलेले असते. फारसी शिकणाऱ्या मराठी माणसाला हे ओझे मुळीच नाही. भूतकाळातील ‘ने’ही नाही. मराठीत ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी गोष्ट वाचली’, ‘मी कागद वाचला’ असे क्रियापद कर्माच्या मागे फिरत असते. फारसीत पुस्तक असो, गोष्ट असो, कागद असो, वाचणारा मी असलो की ‘खांदम’ हेच रूप. शेवटचा ‘म’ कर्ता कोण ते सांगतो, म्हणून ‘मन’ हा शब्द गाळला तरी चालते. ‘खांदम’ एवढेच म्हटले की ‘मी वाचले’ हे पुरे वाक्य झाले.

या सोयीला दुसरीही बाजू आहे. मूळ गझलेत ‘ऊ आमद’ एवढेच असले, तर आलेली व्यक्ती पुरुष की स्त्री हे फारसी कवीने सांगितलेले नसते, आणि कित्येकदा त्याला ते सांगावयाचेही नसते. प्रिय व्यक्ती, गुरू आणि परमेश्वर हे तिघेही त्या एका ‘ऊ’मध्ये सुखाने राहू शकतात. मराठी भाषांतरकाराला मात्र ‘आला’ किंवा ‘आली’ यांपैकी एक लिहावेच लागते, आणि लेखणी टेकताच मूळातील दोन अर्थ गळून पडतात. कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे १८९४ साली बडोद्यास जन्मले. ते फारसीचे प्राध्यापक होते, आणि त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. उमर खय्यामच्या रुबायांचे त्यांनी केलेले मराठी अवतार वाचताना ही अडचण ध्यानात ठेवली, म्हणजे त्या कामाची किंमत अधिक कळते.

आता ठेच कोठे लागते ते पाहू. फारसी वाक्यातील खरी गोम ही न लिहिलेल्या एका स्वरात आहे. तिला ‘इजाफत’ म्हणतात. नामाला त्याचे विशेषण किंवा त्याचा मालक जोडावयाचा झाला, तर मराठी माणूस तो आधी ठेवतो : लाल फूल, माझे पुस्तक, रामाचा भाऊ. फारसी माणूस नाम आधी ठेवतो, त्याला एक ऱ्हस्व ‘ए’ जोडतो, आणि मग विशेषण किंवा मालक आणतो : ‘गोल-ए-सोर्ख’ म्हणजे लाल फूल, ‘केताब-ए-मन’ म्हणजे माझे पुस्तक. साखळी लांबली की ती मराठीच्या अगदी उलट, आरशात पाहिल्यासारखी उलगडते. ‘पेसर-ए-बोजोर्ग-ए-बरादर-ए-मन’ याचा शब्दक्रम ‘मुलगा, मोठा, भाऊ, मी’ असा आहे. मराठीत तो शेवटाकडून वाचून ‘माझ्या भावाचा मोठा मुलगा’ असा करावा लागतो. वाक्य मराठीच्या क्रमाने चालते, पण त्यातील प्रत्येक नामसमूह मात्र मागे पाय टाकीत चालतो. या दोन चालींचा मेळ बसेपर्यंत शिकणाऱ्याला घेरी आल्यासारखे होते.

आणि हा ‘ए’ बहुधा लिहिला जात नाही! फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर वाचकाने आपल्या समजुतीने घालावयाचे असतात. ‘मादर हसन आमद’ असे तीन शब्द कागदावर आहेत. मधे ‘ए’ घालून ‘मादर-ए-हसन आमद’ वाचले तर ‘हसनची आई आली’. ‘ए’ न घालता थांबून वाचले तर ‘आई, हसन आला’. आली कोण, आईला हाक मारली की आईची बातमी दिली, हे सारे त्या अदृश्य स्वरावर अवलंबून. कित्येक व्याकरणकार पहिल्या धड्यातच क्रियापदांचे तक्ते मांडतात आणि इजाफत पुढे कोठेतरी उरकून टाकतात. हे उलटे आहे. क्रियापद चुकले तर काळ चुकतो. इजाफत चुकली तर गाव कोणाचे ते चुकते.

येथे मराठी माणसाला त्याच्याच घरातून एक मदत मिळते, आणि ती त्याला बहुधा ठाऊक नसते. ‘किल्ले रायगड’, ‘मौजे वडगाव’, ‘कसबे पुणे’ असे आपण नित्य लिहितो. गड एक, गाव एक, मग ‘किल्ले’ हे अनेकवचन कशाचे? कोणी ते आदरार्थी मानतात. वस्तुतः ते अनेकवचन नव्हेच. ती फारसी इजाफत आहे. ‘किला-ए-रायगड’, म्हणजे रायगड नावाचा किल्ला. इराणातील लेखनिकाने जो स्वर कागदावर कधी उतरविला नाही, तो आपल्याकडच्या कारकुनाने कानाने ऐकला आणि मोडीत मात्रा देऊन टिपून ठेवला. मोडीत तो लिहावाच लागतो, लपविण्याची सोय नाही. अशा रीतीने फारसीतील सर्वांत निसटती गोष्ट मराठी दप्तरांत शेकडो वर्षे उघड्यावर पडून आहे.

दुसरी ठेच ‘रा’ची. ‘केताब रा खांदम’ यातील ‘रा’ पाहून मराठी विद्यार्थी आनंदाने म्हणतो, हा तर आपला ‘ला’! आणि येथेच फसतो. मराठीत कर्माला ‘ला’ लावावयाचा की नाही, हे बहुतांशी ते कर्म सजीव आहे की निर्जीव यावरून ठरते. ‘मुलाला पाहिले’, पण ‘पुस्तक घेतले’. फारसीत प्रश्न निराळा असतो : ती वस्तू बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मनात ठरलेली आहे की नाही? ‘केताब खरीदम’ म्हणजे ‘पुस्तकखरेदी केली’, एक की दहा, कोणती, त्याच्याशी कर्तव्य नाही. ‘केताबी खरीदम’ म्हणजे ‘एक पुस्तक घेतले’. ‘केताब रा खरीदम’ म्हणजे ‘ते पुस्तक घेतले’, जे तुम्हांला व मला ठाऊक आहे ते. निर्जीव पुस्तकालाही ‘रा’ लागला, कारण ते निश्चित झाले. उलट, ज्याला द्यावयाचे त्याला मराठीत ‘ला’ हटकून लागतो, पण आजच्या फारसीत तेथे ‘रा’ येत नाही. आधी ‘बे’ येतो. ‘केताब रा बे ऊ दादम’ म्हणजे ‘ते पुस्तक त्याला दिले’. नवशिका येथे ‘ऊ रा’ म्हणतो आणि शिक्षक हसतो.

पण त्या शिक्षकाने फार हसू नये. शेख सादीने १२५८ साली ‘गुलिस्तान’ लिहिले, आणि ते पुढे शतकानुशतके हिंदुस्थानातल्या मुलांचे फारसीचे पाठ्यपुस्तक होते. त्या काळच्या फारसीत ‘रा’ची सत्ता आजच्याहून मोठी होती. ‘पादशाह रा दोख्तरी बूद’ अशी रचना तेव्हा सर्रास होई, आणि तिचे मराठी रूपांतर शब्दशः होते : ‘राजाला एक मुलगी होती’. आजचा इराणी मनुष्य ‘राजा एक मुलगी धारण करीत होता’ अशा धर्तीवर, ‘दाश्तन’ हे क्रियापद घालून बोलतो. मराठी माणसाला मात्र जुनी रचनाच घरची वाटते. त्या जुन्या ‘रा’चे अवशेष आजच्या बोलीतही आहेत. ‘चेरा’ म्हणजे ‘का?’. त्याची फोड ‘चे’ म्हणजे काय आणि ‘रा’. मराठी ‘कशाला?’ची घडण अशीच आहे. एवढे एक ध्यानात आले, की ‘चेरा’ पाठ करावा लागत नाही. ज्याला जुने कागद वाचावयाचे आहेत, त्याने तर आजचा नियम आणि जुना नियम दोन्ही जवळ बाळगावेत. कारण त्याचा कागद आजच्या तेहरानमध्ये लिहिलेला नाही.

आता क्रियापदाकडे वळू. फारसी क्रियापदाला दोन धातू असतात, एक भूतकाळाचा व एक वर्तमानाचा, आणि ते कधी कधी एकमेकांना ओळखही देत नाहीत. ‘नेवेश्त’ म्हणजे लिहिले. वर्तमानात तोच ‘नेवीस’ होतो. ‘बस्त’ म्हणजे बांधले, वर्तमानात ‘बंद’. ‘गोफ्त’ म्हणजे बोलला, वर्तमानात ‘गू’. ‘कर्द’ म्हणजे केले; वर्तमानात ‘कोन’, जुन्या उच्चारात ‘कुन’. तक्ता पाहून विद्यार्थी निराश होतो. पण त्याने तक्ता मिटावा आणि आपल्या गावातली आडनावे आठवावीत. चिटनीस, वाकनीस, फडणीस यांतील ‘नीस’ हा तोच ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. ज्या घराण्याने दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळला त्याचे ते नावच झाले. कारकून म्हणजे काम करणारा, ‘कार’ आणि ‘कुन’. जहागीर, दिलगीर यांत ‘गीर’ आहे, म्हणजे धरणारा. आणि ‘गिरफ्तार’मध्ये त्याच क्रियापदाचा भूतकाळ आहे. जमीनदार, फौजदार यांतला ‘दार’ म्हणजे बाळगणारा. हे सारे वर्तमानाचे धातू होत.

भूतकाळाचेही कमी नाहीत. ‘खरीद’ म्हणजे विकत घेतले, ‘फरोख्त’ म्हणजे विकले. ‘गुदस्ता’ म्हणजे गेल्या वर्षी. मूळ ‘गोजश्ते’, गेलेले. ‘शिकस्त’ म्हणजे मोडले. मराठी माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो तेव्हा तो प्रयत्न मोडेपर्यंत करतो. ‘आमदनी’तला ‘आमदन’ म्हणजे येणे. आणि दोन शब्द असे आहेत, की ज्यांत दोन्ही धातू शेजारी शेजारी बसलेले आहेत. ‘बंदोबस्त’ म्हणजे ‘बंद-ओ-बस्त’, बांधणे या एकाच क्रियापदाचा वर्तमान आणि भूतकाळ. ‘गुफ्तगू’ही तसाच, बोलला आणि बोल. पोलीस चौकीवर नित्य ऐकू येणारा ‘बंदोबस्त’ हा शब्द म्हणजे फारसी व्याकरणाचा एक अख्खा धडा आहे.

‘सभा बरखास्त झाली’ आणि ‘दरखास्त मांडली’ ही दोन वाक्ये एकाच वृत्तान्तात येतात. दोहोंतही ‘खास्त’ आहे. पण ते दोन भिन्न ‘खास्त’ आहेत. एक म्हणजे उठले, दुसरे म्हणजे मागितले. फारसी लिपीत दुसऱ्याच्या पोटात एक मुका ‘व’ लिहितात आणि पहिल्यात लिहीत नाहीत. उच्चार मात्र एकच. येथे कान उपयोगी पडत नाही, डोळाच लागतो. सभा ‘उठली’ आणि सूचना ‘मागितली’, असे मराठीत अर्थ लावून ठेवले की त्या मुक्या ‘व’ची जागा चुकत नाही.

धातू कळले, की रूपे फार कष्ट देत नाहीत. वर्तमानाला मागे ‘मी’ लागतो : ‘मी-रवम’, मी जातो. भूतकाळालाच तो लावला तर ‘मी-रफ्तम’, म्हणजे ‘मी जात असे’. मराठीतील ‘गेलो आहे’, ‘गेलो होतो’ यांना ‘रफ्ते अम’, ‘रफ्ते बूदम’ अशी जवळजवळ समांतर रूपे आहेत. अडते ते इच्छेच्या व गरजेच्या वाक्यात. मराठीत ‘मला जायचे आहे’. इच्छा करणारा ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो आणि जाणे हे नाम होते. फारसीत दोन्ही क्रियापदे आपापला कर्ता घेऊन उभी : ‘मी-खाहम बेरवम’, म्हणजे ‘इच्छितो, जावे मी’. या ‘बे’ लागलेल्या रूपाला संशयार्थी म्हणावे की विध्यर्थी, हा वाद व्याकरणकारांनी घालावा. शिकणाऱ्याने एवढेच पाहावे की इच्छा, शंका, गरज, परवानगी, आज्ञा ही सर्व या एका रूपाच्या छत्राखाली येतात.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे इराणातल्या शाळांतून सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या उदाहरणावरून दिसते. अपराध्याविषयी राजाचा हुकूम आला आहे : ‘बख्शेश लाजेम नीस्त एदामश कोनीद’. बख्शेश म्हणजे क्षमा. आपल्या ‘बक्षीस’चे हे मूळ, फक्त मराठीत क्षमा गेली आणि देणगी राहिली. ‘लाजेम नीस्त’ म्हणजे आवश्यक नाही. ‘एदामश कोनीद’ म्हणजे त्याला देहान्त द्या, किंवा द्यावा. विराम ‘बख्शेश’नंतर घेतला तर : क्षमा, देहान्त देण्याचे कारण नाही. विराम ‘नीस्त’नंतर घेतला तर : क्षमेचे कारण नाही, देहान्त द्या. शिक्षक हे उदाहरण विरामचिन्हांचे महत्त्व सांगण्यासाठी देतात. पण नीट पाहिले तर दोष एकट्या विरामाचा नाही. मराठीत एका अर्थी ‘देण्याचे’ आणि दुसऱ्या अर्थी ‘द्या’ अशी दोन निराळी रूपे झाली असती, आणि विराम नसतानाही कैद्याचे काय होणार ते कळले असते. फारसीत ‘कोनीद’ हे एकच रूप आज्ञाही करते आणि ‘करावे’ असेही म्हणते. जुन्या कागदांत विरामचिन्हे जवळजवळ नसतातच, आणि शिकस्ता वळणाच्या घाईच्या अक्षरात नुकतेही गाळलेले असतात. तेथे वाचकाला वाक्याच्या व्याकरणाखेरीज दुसरा आधार नाही.

संयुक्त क्रियापदांनी मात्र करमणूक होते. ‘जमीन खोर्दन’ याचा शब्दशः अर्थ ‘जमीन खाणे’. अर्थ आहे ‘खाली पडणे’. ‘गूश कर्दन’, कान करणे, म्हणजे ऐकणे. ‘सोगंद खोर्दन’ म्हणजे शपथ खाणे, आणि येथे मराठी माणूस एकदम थबकतो, कारण शपथ तोही खातोच. आपण मारही खातो. आदराच्या बाबतीतही दोन्ही भाषांची रीत एक : ‘वडील आले’ असे अनेकवचन फारसीतही वापरतात. उलट संख्यावाचकापुढे फारसीत अनेकवचन येत नाही; ‘पंज केताब’, पाच पुस्तक. ‘अगर’ हा शब्द मराठीत ‘किंवा’ या अर्थी रुळला आहे. फारसीत तो ‘जर’ आहे, आणि ‘अगर आमद’ म्हणजे ‘आला तर’, भूतकाळी रूपाने भविष्याची अट, अगदी मराठीप्रमाणे.

वाक्याला वाक्य जोडणारा शब्द म्हणजे ‘के’, जुन्या उच्चारात ‘कि’. ‘मी-दानम के ऊ आमदे अस्त’, म्हणजे ‘मला ठाऊक आहे की तो आला आहे’. मराठीची जुनी धाटणी ‘तो आला आहे हे मला ठाऊक आहे’ किंवा ‘तो आला असे म्हणतात’ अशी होती; पोटवाक्य आधी, मुख्य वाक्य नंतर. ‘की’ आला आणि मुख्य वाक्य आधी ठेवण्याची मुभा मिळाली. ‘व’ हे अव्ययही त्याच वाटेने आले. शिवाजी महाराजांच्या काळी सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील तेराशेहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. शब्द काढता येतात, पालटता येतात. पण ‘की’ आणि ‘व’ यांना कोणी हात लावला नाही, कारण ती कोणाला परकी वाटलीच नसावीत. आणि आज शुद्ध मराठीचा कैवारी आपला कैवार याच दोन शब्दांच्या आधाराने मांडीत असतो.

प्रौढ वयात ही भाषा साध्य होते का, असे कोणी विचारील. गोव्याहून १५९४ च्या अखेरीस निघून पुढील वर्षी लाहोरला अकबराच्या दरबारी गेलेले जेसुइट पाद्री जेरोम झेवियर हे तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते. फारसी त्यांनी तेथेच कमावली, आणि १६०२ मध्ये ‘मिरातुल्-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र अब्दुस्सत्तार बिन कासिम लाहोरी या विद्वानाच्या सहकार्याने फारसीत सिद्ध करून बादशहाला अर्पण केले. अब्दुस्सत्तारही त्यांच्याकडून युरोपीय भाषा शिकत होता. दोन प्रौढ माणसे एकमेकांची वाक्ये दुरुस्त करीत बसली आहेत, हे चित्र कोणत्याही नवशिक्याने डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे.

पुढे १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातून फारसीचे अधिकृत स्थान गेले, आणि हैदराबाद संस्थानात ते १८८० नंतरच्या काही वर्षांत उर्दूकडे आले. त्यानंतरही एक काळ असा होता, की मुंबई इलाख्यातल्या शाळांतून विद्यार्थी संस्कृत किंवा फारसी यांपैकी एक भाषा निवडीत. ती पिढी गेली. भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी कागद मराठी भाषांतरासह छापले. जदुनाथ सरकारांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने इंग्रजीत आणली आणि ती १९५३ व १९५४ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. पण घरोघरच्या पेट्यांतील कागद कोणी खरे किंवा सरकार येऊन वाचतील, अशी वाट पाहत राहण्यात अर्थ नाही. कागदाला कसर लागण्यास तेवढा अवधी पुरतो.

म्हणून त्या गृहस्थाने आरंभ कोठून करावा? फारसी कागदापासून नव्हे, तर शेजारच्या मोडी कागदापासून. सतराव्या शतकातील मराठी आज्ञापत्रांचा मायना पाहावा : ‘अज रख्तखाने’ अशी सुरुवात, मग राजाचे नाव, मग ‘बजानिब कारकुनानि हाल व इस्तकबाल’, मग ठिकाण, आणि मग ‘बिदानंद’. हा मायना मराठी वाचक मंत्रासारखा उरकून पुढे जातो. त्याने येथे थांबावे. ‘अज’ म्हणजे ‘कडून’; फारसीत हे शब्द नामाच्या आधी येतात. ‘रख्तखाने’तला शेवटचा ‘ए’ म्हणजे इजाफत : अमुक राजाच्या दरबाराकडून. ‘बजानिब’ म्हणजे ‘दिशेला, प्रत’. ‘कारकुन’ला ‘आन’ लागून अनेकवचन झाले, आणि त्याला लागलेला ‘इ’ ही पुन्हा इजाफत, जुन्या उच्चारातली : आताचे व पुढचे कारकून. मधला ‘व’ ओळखीचा आहेच. आणि ‘बिदानंद’ हे ‘जाणणे’ या क्रियापदाचे, ‘बे’ लागलेले, तृतीय पुरुषी अनेकवचनी रूप : ‘त्यांनी जाणावे’. हेच ते आज्ञा आणि इच्छा एकत्र धरणारे रूप, ज्याने मघाच्या कैद्याला टांगणीवर ठेवले होते. मराठी पत्राच्या शेवटी येणारा ‘जाणिजे’ याच अर्थाचा.

एवढा मायना उलगडला, तर अव्यये, इजाफत, अनेकवचन आणि विध्यर्थ हे चार धडे एका ओळीत झाले, आणि तेही मोडीत, स्वर उघड लिहिलेले असताना. त्यानंतर फारसी कागद उलगडावा, आणि पहिल्या ओळीत ‘कारकुनान’च्या पुढे न लिहिलेला तो ‘इ’ आपल्या तोंडाने घालून वाचावयास लागावे.